गेमिंग संगणक जुळवताना...

बारावीच्या परीक्षा आटोपल्या, की मध्यमवर्गीय घरांत संगणकाचा विषय निघतो. मुलाला ‘गेमिंग पीसी’ हवा असतो, वडिलांना तो पुढे अभियांत्रिकीच्या अभ्यासालाही चालेल याची खात्री हवी असते आणि आईला ही भलीमोठी पेटी घरात ठेवायची कोठे, हा प्रश्न पडलेला असतो. अखेर साठ-सत्तर हजारांवर तडजोड होते आणि मंडळी बाजाराची वाट धरतात. मुंबईकरांसाठी ही वाट बहुधा ग्रँट रोड स्थानकाशेजारच्या लॅमिंग्टन रोडकडे जाते. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे त्याचे अधिकृत नाव असले, तरी संगणकाच्या दुनियेत तो लॅमिंग्टन रोडच राहिला आहे. दिल्लीचा नेहरू प्लेस, बंगळुरूचा एसपी रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट हे त्याचेच भाऊबंद.

दुकानात गेल्यावर पाच मिनिटांत हाती एक कोटेशन पडते. ‘कोअर आय७, १६ जीबी रॅम, २ जीबी ग्राफिक्स कार्ड, गेमिंग कॅबिनेट.’ वाचायला हे झोकदार वाटते आणि किंमतही अंदाजात बसते. परंतु यातील आय७ कोणत्या पिढीचा, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. तो तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ साली बाजारात आलेला असू शकतो. ऑनलाइन बाजारात तर अशा जुन्या प्रोसेसरवर २०१४ सालचे जीटी ७३० कार्ड बसवून आणि पुढे रंगीत दिव्यांचे पंखे लावून ‘गेमिंग पीसी’ सर्रास विकला जातो. अशा यंत्राला विंडोज ११ची अधिकृत मान्यता नाही आणि विंडोज १०चा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आहे. म्हणजे पैसे आजचे मोजायचे आणि माल चौदा वर्षांपूर्वीचा घ्यायचा, असा हा व्यवहार असतो. वर्षभराच्या बचतीचा प्रश्न असेल, तर दुकानाची पायरी चढण्यापूर्वी एक-दोन संध्याकाळी खर्ची घालून सुट्या भागांची ओळख करून घेतलेली बरी.

आधी पडदा, मग पेटी

बहुतेक जण प्रोसेसरपासून सुरुवात करतात. वास्तविक सुरुवात मॉनिटरपासून करायला हवी, कारण यंत्राला किती काम पडणार हे पडदा ठरवतो. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या, म्हणजे फुल एचडी पडद्यावर सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू असतात. २५६० गुणिले १४४०च्या पडद्यावर ते सुमारे ३६ लाख ८६ हजार होतात. पडदा बदलताच ग्राफिक्स कार्डाचे काम जवळपास पावणेदोन पटींनी वाढते. ६०-७० हजारांच्या बेतात फुल एचडी हेच योग्य लक्ष्य होय. ‘फोर-के’चा मोह या रकमेत परवडणारा नाही.

दुसरा प्रश्न रिफ्रेश रेटचा, म्हणजे पडद्यावरील चित्र सेकंदाला किती वेळा ताजे होते याचा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र येते, तर १४४ हर्ट्झवर सुमारे ६.९ मिलिसेकंदांनी. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या चपळाईच्या नेमबाजीच्या खेळांत हा फरक हाताला जाणवतो. एखादी दीर्घ कथा असलेला खेळ निवांतपणे खेळणाऱ्यास त्याचे महत्त्व कमी. म्हणून घरातील खेळाडूला प्रथम विचारावे, की नक्की कोणते खेळ खेळायचे आहेत? व्हॅलोरंटपुरतीच हौस असेल, तर निम्म्या खर्चात भागते. सायबरपंक २०७७ सर्व करामतींसह पाहायचा असेल, तर मात्र सारी गणिते बदलतात.

ग्राफिक्स कार्ड : खर्चाचा सिंहाचा वाटा

खेळासाठी संगणक जुळवायचा, तर पेटीच्या एकूण रकमेपैकी चाळीस-पंचेचाळीस टक्के रक्कम ग्राफिक्स कार्डावर जावी, असा ढोबळ नियम सांगता येईल. दुकानदाराच्या कोटेशनमध्ये हा वाटा वीस टक्क्यांच्या आत दिसला, की समजावे, ते यंत्र कार्यालयाचे आहे. फक्त त्याला गेमिंगचे कपडे चढवले आहेत.

कार्ड निवडताना ग्राहक ‘किती जीबीचे?’ एवढेच विचारतो आणि विक्रेतेही त्याचा फायदा उठवतात. कार्डावरील स्मृती महत्त्वाची आहेच, पण ती क्षमतेचे माप नव्हे. ४ जीबीचे जुने, मंद कार्ड हे ४ जीबीचे असल्यामुळे वेगवान होत नाही. स्मृती ही टेबलासारखी असते. टेबल लहान असेल तर कामात अडथळा येतो, परंतु टेबल मोठे केल्याने काम करणारा हात चपळ होत नाही.

असे असले, तरी २०२६ साली नवे कार्ड घेताना ८ जीबीच्या खाली जाण्यात अर्थ नाही. ८ जीबीसुद्धा आता काठावरचे झाले आहे. अलीकडच्या काही खेळांत चित्रांचा दर्जा ‘अल्ट्रा’वर नेला, की फुल एचडीमध्येही ८ जीबी अपुरे पडते आणि खेळ मध्येच अडखळू लागतो. सरासरी फ्रेम्सच्या आकड्यात हे अडखळणे पुरते दिसत नाही, त्यामुळे तक्ते पाहून खरेदी करणाऱ्याची फसगत होते.

या वर्गातील कार्डांची थोडक्यात ओळख अशी. एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०६० जून २०२३ मध्ये आणि आरटीएक्स ५०६० मे २०२५ मध्ये आले. दोन्हींवर ८ जीबी स्मृती आहे आणि दोन्हींची अमेरिकेतील मूळ किंमत २९९ डॉलर होती. एएमडीचे रेडिऑन आरएक्स ७६०० हे २०२३चे, तेही ८ जीबीचे. जून २०२५ मध्ये आलेले आरएक्स ९०६० एक्सटी ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळते. मूळ किमतींत फरक अवघा ५० डॉलरचा. आपल्याकडे तो फरक थोडा फुगतो, तरीही पाच वर्षे कार्ड वापरायचे असेल तर १६ जीबीच्या रूपासाठी इतरत्र काटकसर करावी, असे या लेखकाचे मत आहे. इंटेलचे आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये १२ जीबी स्मृतीसह २४९ डॉलरला आले आणि स्वस्तात अधिक स्मृती हे त्याचे आकर्षण ठरले. मात्र त्याच्या दोन अटी आहेत. मदरबोर्डावर ‘रिसाइझेबल बार’ ही सोय चालू असलीच पाहिजे. आणि प्रोसेसर जुना वा हलका असेल, तर या कार्डाची गती अपेक्षेपेक्षा बरीच घटते. जुन्या संगणकात नवे कार्ड बसवण्याचा विचार असणाऱ्यांनी म्हणूनच त्याच्या वाटेला जाऊ नये.

नावांच्या सारखेपणाबद्दल विशेष सावध राहावे लागते. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाने २०२२ साली ८ जीबीचे आणि २०२४ साली ६ जीबीचे कार्ड आले. फरक केवळ दोन जीबींचा वाटतो. प्रत्यक्षात ६ जीबीच्या कार्डातील गणनाकेंद्रे कमी आहेत आणि स्मृतीचा मार्गही अरुंद आहे. कोटेशनवर ‘आरटीएक्स ३०५०’ एवढेच लिहिलेले असेल, तर पुढचा आकडा लिहून घ्यावा. आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआय यांतही असाच घोळ होतो.

जुन्या जीटीएक्स मालिकेची कार्डे स्वस्तात दिसतात. १६५०, १६६० सुपर ही आपल्या काळातील उत्तम कार्डे होती. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये आलेला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ मधील ‘डूम : द डार्क एजेस’ या खेळांना प्रकाशकिरणांचे गणित करणारी स्वतंत्र यंत्रणा, अर्थात रे ट्रेसिंग, कार्डातच असणे अनिवार्य आहे. जीटीएक्स कार्डांत ती नाही. हा केवळ दर्जा कमी करून भागवण्याचा प्रश्न नसून असा खेळ त्यावर चालतच नाही. पुढे असे खेळ वाढतच जाणार, हे उघड आहे.

सेकंडहँड कार्डांचा बाजार हा एक स्वतंत्र विषय आहे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या कूटचलनाची कार्यपद्धती बदलली, कार्डांवर ते ‘खणणे’ बंद झाले आणि खाणकामातून निवृत्त झालेली हजारो कार्डे जगभरच्या बाजारात उतरली. अशी सारीच कार्डे टाकाऊ नसतात. पंखे आणि स्मृतीच्या चिपा मात्र अधिक झिजलेल्या असू शकतात. खरा धोका बनावट कार्डांचा. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या कार्डाची आतील नोंद बदलून ते १०५० टीआय म्हणून खपवले जाते. विंडोजही ते नाव बिनदिक्कत दाखवते. जीपीयू-झेड नावाची छोटी मोफत प्रणाली अशी लबाडी बहुतेक वेळा उघडी पाडते. वापरलेले कार्ड घ्यायचेच असेल, तर ते विक्रेत्याच्या संगणकावर अर्धा तास जड खेळ चालवून पाहावे, मूळ बिल मागावे आणि अनुक्रमांक कार्डावरील चिकटपट्टीशी ताडून घ्यावा. बिल नसलेले कार्ड कितीही स्वस्त असले, तरी सोडून द्यावे.

आणखी एका शब्दाचा उलगडा येथे करायला हवा. डीएलएसएस, एफएसआर आणि एक्सईएसएस ही अनुक्रमे एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेलची तंत्रे आहेत. चित्र लहान आकारात तयार करून नंतर मोठे करणे, हे त्यांचे मूळ काम, आणि ते आता बरेच सफाईने होते. ‘फ्रेम जनरेशन’ हा त्यापुढचा प्रकार. दोन खऱ्या चित्रांमध्ये कृत्रिम चित्रे घुसवली जातात, त्यामुळे हालचाल गुळगुळीत दिसते. माऊसला मिळणारा प्रतिसाद मात्र त्या प्रमाणात सुधारत नाही. जाहिरातीतील ‘दुप्पट फ्रेम्स’ या दाव्यात बहुधा अशी चित्रेही मोजलेली असतात. मूळ गती सेकंदाला ५०-६० फ्रेम्स असेल तेव्हा ही सोय शोभते. २५ फ्रेम्सच्या रखडणाऱ्या खेळाला ती वाचवू शकत नाही.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड

प्रोसेसरच्या बाबतीत आपल्याकडे ‘आय७ म्हणजे भारी, आय३ म्हणजे हलका’ अशी समजूत रूढ आहे. पिढी न पाहता ती लावली, तर पुरती दिशाभूल होते. २०२२ सालचा चार गाभ्यांचा आय३-१२१०० हा दहा वर्षांपूर्वीच्या आय७ला खेळांत सहज मागे टाकतो. आज मात्र सहा गाभे हा किमान पाया मानावा.

बेताच्या रकमेत तीन वाटा आहेत. पहिली एएमडीच्या एएम४ सॉकेटची. रायझन ५ ५६०० हा एप्रिल २०२२ मध्ये आलेला सहा गाभ्यांचा प्रोसेसर तिचा मानकरी. सोबत पंखा येतो, डीडीआर४ रॅम चालते, मदरबोर्ड स्वस्त मिळतात. या वाटेला पुढे नवी पिढी नाही, ही तिची मर्यादा. दुसरी वाट इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटची. तेथे आय५-१२४००एफ हा त्याच तोलाचा गडी आहे. हाही सॉकेट पुढे चालणार नाही. कारण ऑक्टोबर २०२४ पासून इंटेलने टेबलावरील संगणकांसाठी नवा सॉकेट आणला. तिसरी वाट एएम५ची. सप्टेंबर २०२२ पासूनच्या या सॉकेटला किमान २०२७ पर्यंत आधार देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. रायझन ५ ७५००एफ किंवा ७६०० घेऊन सुरुवात केली, तर तीन-चार वर्षांनी मदरबोर्ड न बदलता प्रोसेसर बदलता येईल. पण एएम५ला डीडीआर५ रॅमच लागते आणि सध्या नेमके तेथेच दुखते आहे. त्याविषयी पुढे.

इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल, तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतात. कार्ड विकत घेणारच असल्याने त्याने बिघडत नाही, थोडे पैसेच वाचतात. मात्र कार्ड दुरुस्तीला गेले तर पडदा काळा राहतो, हे ध्यानात असावे. एएमडीच्या ७५००एफलाही हेच लागू आहे. रायझन ५ ५६००लाही, नावात ‘एफ’ नसले तरी, अंगभूत ग्राफिक्स नाहीत. उलट ५६००जी किंवा ८६००जी यांत बऱ्यापैकी ग्राफिक्स अंगभूत असतात. रक्कम अगदीच तोकडी असेल, तर आधी असा प्रोसेसर घेऊन हलके खेळ खेळावेत आणि वर्षभराने कार्ड आणावे, हा मार्ग प्रतिष्ठेचा नसला तरी शहाणपणाचा आहे. त्यातही ५६००जीची आतील कॅश स्मृती ५६००च्या निम्मी आहे. त्यामुळे पुढे कार्ड बसवल्यावरही तो थोडा मागेच राहतो.

इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीतील वरच्या श्रेणीचे प्रोसेसर कालांतराने अस्थिर होत असल्याचे २०२४ साली उघड झाले. कंपनीने मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. १२व्या पिढीला हा विकार नाही. सेकंडहँड बाजारात १३वा-१४वा आय७ किंवा आय९ आश्चर्यकारक स्वस्तात दिसला, तर या इतिहासाची आठवण ठेवावी.

मदरबोर्डावर फार पैसे घालू नयेत. पण अगदी तळाचाही घेऊ नये. एएम४मध्ये ए५२० आणि बी४५० या चिपसेटांवर पीसीआय एक्स्प्रेसची तिसरी पिढी मिळते, तर बी५५०वर चौथी. आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ७६०० यांसारखी कार्डे सोळापैकी आठच मार्गिका वापरतात. त्यामुळे जुन्या बोर्डावर त्यांचे थोडे नुकसान होते आणि कार्डावरील स्मृती भरून वाहू लागली की ते अधिक जाणवते. म्हणून बी५५० घ्यावा. इंटेलकडे एच६१०ऐवजी बी६६० किंवा बी७६० परवडला तर उत्तम. आणि रॅमच्या दोन नव्हे, चार खाचा असलेला बोर्ड पाहावा. पुढे रॅम वाढवताना जुनी काढून टाकावी लागत नाही.

रॅमने बिघडवलेला हिशेब

एरवी रॅम ही अशा खरेदीतील सर्वांत निरुपद्रवी बाब. २०२५च्या आरंभी १६ जीबी रॅम एकूण रकमेच्या पाच-सहा टक्क्यांत बसत असे. त्या वर्षाच्या उत्तरार्धात चित्र पालटले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विदाकेंद्रांना लागणाऱ्या स्मृतीची मागणी अफाट वाढली. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन प्रमुख उत्पादकांनी आपली क्षमता अधिक नफ्याच्या त्या मालाकडे वळवली. परिणामी घरगुती रॅमचे भाव काही महिन्यांतच दुप्पट-तिप्पट झाले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशिअल’ या नावाने चालणारा आपला किरकोळ ग्राहकांसाठीचा व्यवसायच बंद करण्याचे जाहीर केले. ग्रँट रोडच्या दुकानातील भावावर दूर देशातील विदाकेंद्रांची सावली पडावी, हा काळाचा महिमा.

यातून वाट काढायची कशी? एक तर १६ जीबीवर थांबावे. ३२ जीबी उत्तम खरी, परंतु फुल एचडीमधील बहुतेक खेळांना १६ पुरते. दुसरे म्हणजे ती ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी. १६ची एकच पट्टी घेतल्यास प्रोसेसरला एकाच वाटेने स्मृती गाठावी लागते आणि अनेक खेळांत गती लक्षणीय घटते. अंगभूत ग्राफिक्सवर खेळणाऱ्यांना तर हा फटका सर्वाधिक बसतो. तिसरा उपाय सेकंडहँडचा. सुट्या भागांत वापरलेला घेण्यास सर्वांत निर्धोक भाग कोणता, तर रॅम. तिच्यात फिरणारे, झिजणारे काही नसते आणि मेमटेस्ट८६सारख्या प्रणालीने तिची रात्रभर कसून परीक्षा घेता येते. घरात जुना डीडीआर४चा संगणक असेल, तर त्यातील रॅम काढून एएम४ किंवा डीडीआर४ चालणाऱ्या एलजीए १७०० बोर्डावर बसवणे हा सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो. आणि डीडीआर५ची वाट सुचवणारी सगळी जुनी मार्गदर्शने या भाववाढीपूर्वीची आहेत, हे विसरू नये. खरेदीच्या दिवशी दोन्ही वाटांचे पूर्ण कोटेशन मागावे. बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम यांची बेरीज करूनच काय ते ठरवावे. प्रोसेसरची एकट्याची किंमत पाहून नव्हे.

एसएमपीएस : न दिसणारा मुख्य भाग

प्रस्तुत लेखकाने अनेक वर्षांपूर्वी पहिला संगणक जुळवला, तेव्हा कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ आलेला एसएमपीएस तसाच राहू दिला होता. त्यावर ४५० वॅट असे ठसठशीत छापलेले होते. आठ महिन्यांनी एका पावसाळी संध्याकाळी वीज जाऊन आली, फट्कन आवाज झाला आणि तो एकटा गेला नाही. मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क यांनाही सोबत घेऊन गेला. हजार-बाराशे रुपये वाचवण्याच्या नादात झालेला तो तोटा आजही आठवतो. डिस्कवरची छायाचित्रे तर परत मिळालीच नाहीत.

वेष्टनावरचा वॅटचा आकडा कोणीही छापू शकतो. विचारायचे ते हे, की १२ व्होल्टच्या वाहिनीवर तो किती वॅट देतो? हा आकडा अंगावरील तक्त्यात असतो आणि चांगल्या एसएमपीएसमध्ये तो एकूण क्षमतेच्या जवळपास असतो. ‘८० प्लस ब्राँझ’ हे चिन्ह कार्यक्षमतेचे आहे, मजबुतीचे नव्हे. तरीही ते असल्याने निकृष्ट माल बहुतांशी गाळला जातो. वॉरंटी पाच वर्षांची असेल, तर उत्पादकाला स्वतःच्या मालावर विश्वास आहे असे मानायला हरकत नाही.

क्षमतेचा अंदाज फार अवघड नाही. आरटीएक्स ५०६०ची कमाल गरज १४५ वॅट, आर्क बी५८०ची १९०. सहा गाभ्यांचा प्रोसेसर खेळात ६०-८० वॅट घेतो. बोर्ड, पंखे, डिस्क धरून एकूण अडीचशे-तीनशे वॅटांत सारे आटोपते. ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस त्यामुळे पुरेसा आहे. ७५० वॅटचा स्वस्त एसएमपीएस त्याहून वाईट. वीजबिलाची धास्ती घेणाऱ्यांसाठी हिशेब असा : ३०० वॅटने रोज तीन तास खेळल्यास ०.९ युनिट, महिन्याला सुमारे २७ युनिट.

याला जोडूनच अर्थिंग आणि यूपीएस. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनांची खाच असते, पण तिसऱ्या पिनेमागे तार असतेच असे नाही. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर तो संगणकाचा दोष समजू नये, इलेक्ट्रिशियनला बोलवावे. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. मॉनिटरसह गेमिंग संगणकाला तो काठोकाठ होतो आणि वीज जाताच स्वतःच मान टाकतो. १००० व्हीए किंवा त्याहून अधिक क्षमतेचा घ्यावा, आणि दुकानात ‘अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असलेल्या एसएमपीएसबरोबर चालेल का?’ असे आवर्जून विचारावे. कारण स्वस्त यूपीएसची खडबडीत विद्युतलहर अशा काही एसएमपीएसना मानवत नाही.

डिस्क आणि कॅबिनेट

यांवर फार शाई खर्चण्याचे कारण नाही. मदरबोर्डावर थेट बसणारी एनव्हीएमई प्रकारची १ टीबी एसएसडी घ्यावी. ‘बाल्डर्स गेट ३’ हा एकच खेळ १५० जीबी जागा मागतो, तेव्हा ५०० जीबी लवकरच भरते. सेकंदाला साडेतीन हजार आणि सात हजार एमबी वाचणाऱ्या डिस्कांत खेळताना फारसा फरक कळत नाही, म्हणून वेगाच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. जुनी हार्ड डिस्क चित्रपट आणि छायाचित्रांसाठी राहू द्यावी.

कॅबिनेटचे पुढचे तोंड जाळीचे असावे, काचेचे नव्हे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश तापमान असते. खोलीतील हवाच तापलेली असेल, तर काचेच्या बंद पेटीत कार्ड आपली गती स्वतःहून कमी करते. पुढून आत येणारे दोन आणि मागून बाहेर जाणारा एक, असे तीन पंखे पुरतात. दिवे आवडत असतील तर जरूर घ्यावेत, फक्त त्यांची रक्कम कार्डातून वजा होत आहे हे घरातील खेळाडूला एकदा कागदावर दाखवावे.

खरेदीच्या दिवशी

आता सत्तर हजारांच्या पेटीचा, मॉनिटर वगळून, एक नमुना. कार्डासाठी २८ हजार, प्रोसेसर ११, मदरबोर्ड ९, एसएसडी ६, एसएमपीएस साडेचार, कॅबिनेट साडेतीन आणि उरलेले ८ हजार रॅमसाठी. हे आकडे वाटपाचे आहेत, भावाचे नव्हेत. रॅम या रकमेत बसली नाही, तर कपातीचा क्रम असा ठेवावा : प्रथम कॅबिनेटची हौस, मग प्रोसेसर एक पायरी खाली, मग डिस्क ५०० जीबी. कार्ड आणि एसएमपीएस यांना शेवटपर्यंत हात लावू नये. डिस्क पुढे वाढवता येते, पण कार्ड बदलणे म्हणजे पुन्हा निम्मा संगणक घेणे होय.

कोटेशन घेताना प्रत्येक भागाचे पूर्ण नाव आणि क्रमांक लिहून मागावा. ‘१६ जीबी रॅम’, ‘५५० वॅट एसएमपीएस’ अशा नोंदी स्वीकारू नयेत, कारण तेथेच बदलाबदली होते. तेच कोटेशन किमान तीन दुकानांत फिरवावे आणि ऑनलाइन भावाशी ताडावे. ‘बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील,’ असे कोणी सुचवल्यास नम्रपणे नकार द्यावा. जीएसटीचे पक्के बिल नसेल, तर तीन वर्षांची वॉरंटी ही केवळ तोंडी गोष्ट ठरते. बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक असावा, खोकी आपल्यासमोर फोडली जावीत, जुळवणीही शक्यतो समोरच व्हावी. प्रोसेसर नवा आणि मदरबोर्ड दुकानात बराच काळ पडून असलेला असेल, तर त्याचे बायोस अद्ययावत करून देण्यास तेथेच सांगावे. अन्यथा घरी आणल्यावर संगणक सुरूच होत नाही. वॉरंटीबाबत तक्रार उद्भवली आणि दाद मिळाली नाही, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे; तेथेही पहिली मागणी बिलाचीच होते.

घरी आल्यावर चार गोष्टी तपासाव्यात. मॉनिटरची केबल मदरबोर्डाला नव्हे, ग्राफिक्स कार्डालाच जोडलेली आहे ना? ही चूक हास्यास्पद वाटली, तरी फार वेळा घडते. बायोसमध्ये रॅमचा एक्सएमपी किंवा एक्सपो हा पर्याय चालू करावा, नाही तर घेतलेल्या वेगाच्या पट्ट्या मूळच्या संथ गतीनेच धावतात. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ निवडावे. अनेक जण महागडा मॉनिटर वर्षभर ६०वरच चालवतात. आणि टीपीएम व सिक्युअर बूट चालू असल्याची खात्री करावी. विंडोज ११वर व्हॅलोरंट त्यांच्याशिवाय सुरू होत नाही, आणि ऑक्टोबर २०२५ मधील ‘बॅटलफिल्ड ६’लाही सिक्युअर बूट लागतेच. त्यानंतर तास-दीड तास एखादा जड खेळ चालवून तापमान पाहावे. यंत्र बंद पडले, पडदा चमकला किंवा विचित्र आवाज आला, तर दुसऱ्याच दिवशी दुकान गाठावे, कारण बदलून देण्याची मुदत बहुतेक ठिकाणी अवघी काही दिवसांची असते. तोवर सगळी खोकी, आतल्या पिशव्यांसह, जपून ठेवावीत. माळ्यावर जागा नाही अशी तक्रार घरातून होईल, ती तेवढ्यापुरती ऐकून घ्यावी.